रामनदीच्या काठावर सापडलेला कीबोर्ड

जानेवारी २०२४ मधला रविवार, सकाळचे साडेसात. पुण्यातली रामनदी मुळा नदीला मिळते तिथून थोडं वरच्या अंगाला पात्रात उतरून आम्ही दहा-बारा जण गोण्या भरत होतो. नेहमीचाच माल निघत होता: निर्माल्याच्या पिशव्या, देवांच्या तसबिरी, दुधाच्या पिशव्या, जुन्या साड्या. साडी गाळात रुतली की ती उपसायला तीन माणसं लागतात, आणि ओढताना तिच्याबरोबर काय काय वर येतं. त्या दिवशी एक कीबोर्ड वर आला. निम्म्या कळा गळलेल्या, मधल्या फटींत चिखल. उलटा करून पुसला तर मागे चंदेरी स्टिकर निघाला, त्यावर बारकोड आणि खाली सहा आकडी मालमत्ता क्रमांक. कंपनीचं नाव झिजून गेलं होतं, पण स्टिकरची मांडणी माझ्या ओळखीची होती. घरी टेबलावर ठेवलेल्या माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला अगदी तसाच स्टिकर आहे.

तिथून दहा पावलांवर एका सपाट खडकावर काळं वर्तुळ होतं. वायरी पेटवून वरचं प्लॅस्टिक जाळायचं, आतलं तांबं काढून विकायचं, त्याची ही खूण. राखेत अर्धवट जळलेली लॅनची केबल होती, निळी.

मी वीस वर्षं आयटीत आहे. त्या दिवसापर्यंत पर्यावरणाचं काम आणि माझं काम या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक रविवारी करायची, दुसरी सोमवार ते शुक्रवार. पुढची दोन वर्षं आमच्या इमारतीने आणि नदीवर जमणाऱ्या गटाने मिळून जे केलं, त्याची ही हकिकत आहे. त्यात फसलेलं बरंच आहे आणि तेही लिहितो आहे, कारण दुसऱ्या कुणाला हे करायचं असेल तर तोच भाग कामाचा ठरेल.

नदी आणि इमारत

रामनदी मुळशीच्या बाजूला खाटपेवाडीजवळ उगम पावते. भुकूम, भूगाव, बावधन करत पाषाणला येते. पाषाण तलाव तिच्यावरच आहे. पुढे सुतारवाडी, सोमेश्वरवाडी, बाणेर आणि औंधजवळ मुळेशी संगम. लांबी वीस किलोमीटरच्या आत. पुण्यात नवा आलेला माणूस तिला नाला म्हणतो, आणि उन्हाळ्यात तसं म्हटलं तर त्याचं फारसं चुकतही नाही. पण ऑक्टोबर २०१० मध्ये एका रात्रीच्या पावसात हीच नदी पाषाण-बावधनला घरांत शिरली होती आणि माणसं दगावली होती. पात्रात भराव टाकून ते अरुंद केलं की असं होतं. सोमेश्वराच्या देवळापाशी बसणारी जुनी माणसं अजून सांगतात की आम्ही हिच्यात पोहायला शिकलो. मला दर वेळी ते ऐकून वाईट वाटतं, कारण माझ्या मुलीला मी तिथे पायही बुडवू देत नाही.

आमची इमारत बाणेरच्या बाजूला, ६६ फ्लॅटची. निम्म्याहून जास्त घरांत एक तरी माणूस संगणकावर पोट भरणारा. माझं काम सर्व्हरवर नजर ठेवायचं. आमच्या भाषेत त्याला क्लाउड म्हणतात. प्रत्यक्षात त्या प्रचंड गार खोल्या असतात, त्यांना चोवीस तास वीज लागते आणि थंड ठेवायला पाणी किंवा आणखी वीज लागते. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा ‘सेंट्रल इंडिया’ विभाग २०१५ पासून पुण्यातच आहे. राज्याच्या विजेचा मोठा भाग अजून कोळशातून येतो. त्यामुळे माझ्या कामाचा धूर निघतो तो चंद्रपूरला. तिथलं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं, राज्यातलं सर्वांत मोठ्यांपैकी. बाणेरला बसून तो दिसत नाही.

झाडं लावून फिटेल, असं वाटलं होतं

कीबोर्डच्या आधी सुरू झालेली गोष्ट. आदल्या पावसाळ्यात कंपनीतर्फे टेकडीवर वृक्षारोपण झालं होतं. बस, टी-शर्ट, नाश्ता, प्रत्येकाच्या हातात एक रोप. मीही मनापासून दोन लावली. मे महिन्यात मुलीला दाखवायला घेऊन गेलो तर त्या उतारावर वाळलेल्या काड्या आणि काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. माझ्या एका रोपाच्या मुळाशी पिशवी तशीच होती. खड्ड्यात ठेवताना मीच ती काढायला विसरलो होतो.

त्याच टेकड्यांवर वेगळंही काम बघितलं आहे. बाणेरची वसुंधरा अभियानाची मंडळी २००६ पासून श्रमदान करतात. त्यांची झाडं उभी आहेत, कारण ही मंडळी उन्हाळ्यात पाणी घेऊन वर जातात. पावसाळ्यात रोप लावायला कुणीही येतं. एप्रिलमध्ये कॅन खांद्यावर घेऊन चढ चढणारा माणूस मिळणं कठीण. पुढे नदीवरच्या एका वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी मला आणखी एक गोष्ट शिकवली: पुण्याभोवतीच्या सगळ्या उतारांना झाडं हवीच असतात असं नाही. काही जागा मुळात गवताळ आहेत. त्यांच्यावर ससे, लावे, टिटव्या जगतात. तिथे घाईने ग्लिरिसिडियासारखं बाहेरून आलेलं झाड लावून ठेवलं तर आपण एक घर मोडून दुसरं बांधलेलं असतं.

तरी मला हिशोब मांडायचाच होता. सवय आहे. एका रात्री बसून घरच्या उपकरणांचा ताळेबंद केला. वायफायचा राउटर साधारण १० वॉट घेतो. चोवीस तास, ३६५ दिवस म्हणजे जवळपास ८८ युनिट. आपल्या देशातल्या विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे वर्षाला ६१-६२ किलो. एक स्मार्टफोन बनवून, वापरून, निकालात काढेपर्यंत कंपन्यांच्या स्वतःच्या अहवालांनुसार साधारण ६० ते ८० किलो. म्हणजे कोपऱ्यात लुकलुकणारा डबा दर वर्षी एका नव्या फोनइतका धूर करतो. हे आकडे समोर आले तेव्हा मी उठून राउटर बंद केला. आता रोज रात्री ११ ते सकाळी ७ बंद असतो, त्यातून वर्षाला वीसेक किलो वाचतात.

पण फोन आणि लॅपटॉपचा हिशोब वेगळा निघाला. त्यांच्या धुरातला मोठा वाटा ते आपल्या हातात येण्याआधीच सुटलेला असतो: खाणीत, धातू शुद्ध करताना, चिप बनवताना. लॅपटॉपचे २५० किलो धरले आणि तो तीन वर्षांत टाकला तर वर्षाला ८३ किलो. सहा वर्षं वापरला तर ४२. यासाठी काही लावावं लागत नाही, काही विकत घ्यावं लागत नाही. नवीन घ्यायचं नाही, एवढंच.

आणि इथेच मला झाडं लावून ‘भरपाई’ करायची ही भाषा खटकायला लागली. जगातल्या खाणींतल्या कोबाल्टपैकी ७० टक्क्यांहून जास्त काँगोमधून येतं. तिथल्या मातीची भरपाई बाणेरच्या टेकडीवर झाड लावून कशी होणार? चंद्रपूरच्या धुराची रामनदीतल्या गोणीने कशी होणार? नुकसान तीन ठिकाणी होतं: वस्तू बनते तिथे, वीज बनते तिथे आणि वस्तू फेकली जाते तिथे. यातल्या तिसऱ्या ठिकाणी मी स्वतः चालत जाऊ शकतो. पहिल्यावर माझा ताबा एवढाच की हातातली वस्तू जास्त वर्षं चालवायची. दुसऱ्यावर फारच थोडा. हे एकदा नीट कळल्यावर गटाच्या कामाची दिशा मला तरी स्पष्ट झाली: आधी आमच्याच वस्तू नदीपर्यंत जायच्या थांबवायच्या.

पहिली मोहीम: डोरेमॉनचा टीव्ही

मार्चमध्ये सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर निरोप टाकला: रविवारी पार्किंगमध्ये ई-कचरा आणून द्या. लोकांनी भरभरून आणला. पिक्चर ट्यूबचे दोन टीव्ही, प्रिंटर, मिक्सर, चार्जरचे गुंते, सेट-टॉप बॉक्स. एका ओळखीतून टेंपोवाला मिळाला. त्याच्याकडे छापील कार्ड होतं, ‘पर्यावरणपूरक विल्हेवाट’ असं लिहिलेलं. त्याने सगळं भरलं, हात मिळवला आणि गेला. पावती मागायचं कुणालाच सुचलं नाही. आम्ही फोटो काढले.

दोन आठवड्यांनी मुलीला क्लासला सोडायला जाताना महामार्गाच्या कडेच्या मोकळ्या प्लॉटवर मला एक टीव्हीचा मागचा खोका दिसला. त्यावर डोरेमॉनचे तीन स्टिकर होते. पाचव्या मजल्यावरच्या मुलाने लहानपणी चिकटवलेले. आतली सर्किट, तांबं, सगळं काढून नेलेलं. काच फोडून टाकलेली. त्या काचेत शिसं असतं.

मी गाडी बाजूला घेऊन काही वेळ तिथेच उभा राहिलो. आम्ही ते टीव्ही दहा वर्षं माळ्यावर ठेवले असते तर बरं झालं असतं. चांगलं काम करतोय या समजुतीत आम्हीच ते उचलून मोकळ्या जमिनीवर आणून टाकले होते.

मग नियम वाचले, जे आधी वाचायला हवे होते. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२. १ एप्रिल २०२३ पासून लागू. जुन्या नियमांत २१ प्रकारची उपकरणं होती, आता १०६ आहेत. बनवणाऱ्या कंपन्यांवर दर वर्षी ठरावीक प्रमाणात ई-कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडून प्रक्रिया करून घ्यायची जबाबदारी आहे. म्हणजे आपली वस्तू त्या नोंदणीकृत साखळीत पोचली तर तिचा कुठेतरी हिशोब लागतो. भंगाराच्या वाटेने गेली तर ती हिशोबातून गायब होते आणि फिरत फिरत कुठे जाते ते सांगता येत नाही. देशभरातली सर्किट बोर्डं पूर्वी मोठ्या प्रमाणावर उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला जायची. रामगंगेच्या काठावर ती जाळून, धुऊन धातू काढत आणि राख नदीत सोडत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये तिथे काठावर ई-कचरा टाकणाऱ्याला १ लाख रुपये दंड लावायचा आदेश दिला होता. रामनदीत सापडलेल्या कीबोर्डाने मला रामगंगेपर्यंत नेलं. नाव सारखं असल्यामुळे असेल, पण ते डोक्यातून जात नाही.

जगाचं चित्रही फार वेगळं नाही. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे.

ताईंनी सांगितलेली गोष्ट

दुसऱ्या मोहिमेचा पाया ज्यांनी घातला त्या सोसायटीच्या सभासद नाहीत. आमच्याकडचा कचरा ‘स्वच्छ’च्या एक ताई नेतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ ची, बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था आली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. आमच्या इमारतीत कचरा वेगळा होतो याचं श्रेय सोसायटी स्वतःकडे घेते. खरं तर ताईंनी सहा वर्षं दारोदार सांगून ते घडवलं आहे.

मी त्यांना सहज विचारलं, “ताई, आमच्या कचऱ्यात काँप्युटर-मोबाईलचं काय येतं?”

“दादा, येतं की. चार्जर येतात, रिमोट येतात. त्याचं काय नाही. त्या मोबाईलच्या बॅटऱ्या तेवढ्या सुक्यात टाकू नका. मागं शेडमध्ये पोत्यातनं धूर निघाला. कुणाला कळंना कशानं. बॅटरी फुगली होती, पुरीसारखी. माझ्या सूनबाईचा हात भाजला.”

आम्ही ६६ घरांत पर्यावरणावर चर्चा करत होतो आणि आमच्या फुगलेल्या बॅटऱ्या एका बाईच्या हाताशी पेट घेत होत्या. त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये, मीटरच्या खोलीपासून लांब, झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवला. आत कोरडी वाळू. बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती वाळूत ठेवायची, दाबायची नाही, टोचायची नाही. हा डबा आमच्या सगळ्या खटाटोपातली सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

दुसरी मोहीम ऑगस्टमध्ये केली. या वेळी आधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेलं केंद्र शोधलं, त्यांचा नोंदणी क्रमांक तपासला, वजनकाटा आणायला सांगितला आणि वजनासह पावती घेतली. दोघे जण त्यांच्या जागेवर जाऊन सुटे भाग कसे वेगळे होतात ते पाहूनही आले. पण मालच येईना. मार्चमध्ये टेंपो भरला होता, आता एक खोका.

लोक जुना फोन का देत नाहीत

कारण शोधायला घरोघर गेलो. मला वाटलं होतं आळस असेल. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच: “आत फोटो आहेत.” एका आजींच्या बंद पडलेल्या फोनमध्ये गेलेल्या आजोबांचा आवाज होता, व्हॉट्सॲपच्या निरोपांत. दुसऱ्या घरी बँकेचे पासवर्ड. ते फोन भंगार म्हणून ड्रॉवरमध्ये नव्हतेच, तिजोरीत ठेवावेत तसे ठेवले होते. आयटीतली माणसं असूनही हे आम्हाला आधी सुचलं नाही याची मला खंत आहे, कारण इथे आमचं शिक्षण खरोखर उपयोगी होतं.

म्हणून महिन्यातून एक शनिवार पार्किंगमध्ये टेबल मांडायला सुरुवात केली. माणूस समोर बसलेला असताना त्याचा डेटा काढून पेनड्राइव्हवर द्यायचा, मग त्याच्या डोळ्यांसमोर फोन पुसायचा. लॅपटॉप असेल तर हार्ड डिस्क काढून त्याच्या हातात द्यायची. आजींच्या फोनची बॅटरी बदलल्यावर तो चालू झाला. आजोबा “गोळी घेतलीस का?” असं विचारत होते. टेबलावर कुणी काही बोललं नाही. फोन आजींनी परत नेला, आणि तेच बरोबर होतं.

डेटाच्या टेबलाशेजारी आपोआप दुरुस्तीचं टेबल लागलं. अशा जागांना जगात रिपेअर कॅफे म्हणतात. पहिला ॲमस्टरडॅमला मार्टिन पोस्टमा यांनी २००९ मध्ये भरवला, बंगळुरूत २०१५ पासून आहे. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरचे काका आहेत, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, स्वतःची सोल्डरिंग गन घेऊन खाली येणारे. त्यांचं म्हणणं असं की निम्म्या वस्तू बिघडलेल्या नसतातच, घाण झालेल्या असतात. आणि खरंच, लॅपटॉप तापून बंद पडतो म्हणून आलेल्यांपैकी बहुतेकांच्या पंख्यात धुळीची चटई निघाली. काका जुन्या दाढीच्या ब्रशने ती काढतात, पंख्याचं पातं बोटाने धरून, नाहीतर ते गरागरा फिरून खराब होतं. सुटा भाग लागला तर पुण्यातली तपकीर गल्ली, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची. तिथे काकांना ओळखणारी तीन दुकानं आहेत आणि ते भाव करतात ते पाहण्यासारखं असतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले, आणि अनेक ठणठणीत लॅपटॉप एका रात्रीत ‘जुने’ झाले. आमच्या टेबलावर नऊ आले. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी दीड-दोन हजारांची वेगवान एसएसडी बसवून, विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून पाच छान चालू झाले. दोघांचे स्क्रीन गेलेले, दोघांचे बोर्ड. ते केंद्राकडे गेले. चालू झालेले पाच आम्ही एका वस्तीतल्या अभ्यासिकेला दिले. त्यातले दोन परत आले. तिथल्या मुलींना एमएस-सीआयटीचा सराव करायचा होता, आणि परीक्षेत असतं तसं वर्ड-एक्सेल त्यांना हवं होतं. देण्याआधी विचारायला हवं होतं की तुम्हाला काय लागतं. आता विचारतो.

आणखी एक चूक सांगून टाकतो. आमच्यातल्या दोघा तरुणांनी उत्साहाने ई-कचरा नोंदवायचं ॲप केलं. दीड महिना गेला. चौघांनी डाउनलोड केलं, त्यातले दोघं बनवणारे. शेवटी वॉचमनच्या टेबलावर दोनशे पानी वही ठेवली: तारीख, फ्लॅट, वस्तू, सही. ती वही भरते आहे, चांगली चालली आहे.

कीबोर्डचा स्टिकर

तो कीबोर्ड मी धुऊन ठेवला होता. मोठ्या ग्राहकांसाठी नियम कडक आहेत. ज्यांच्याकडे वर्षभरात कधीही एक हजार किंवा त्याहून जास्त उपकरणं वापरात असतात त्यांनी आपला ई-कचरा नोंदणीकृत व्यवस्थेकडेच द्यायचा असतो. माझी कंपनी अर्थातच त्यात बसते. मी स्टिकरचा फोटो जोडून प्रशासन विभागाला मेल लिहिला. तीनदा लिहून खोडला. आरोप वाटू नये म्हणून शेवटी एकच प्रश्न ठेवला: आपले जुने कीबोर्ड, माऊस आणि केबल कुठे जातात?

उत्तराला चार महिने लागले. लॅपटॉप, सर्व्हर, मॉनिटर अधिकृत केंद्राकडे जात होते, कागद चोख होते. पण कीबोर्ड, माऊस, हेडफोन आणि केबल यांची नोंद ‘किरकोळ’ म्हणून व्हायची आणि जुन्या खुर्च्या-टेबलांच्या भंगाराबरोबर ती बाहेर पडायची. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वीच्या एका यादीतला रकाना तसाच चालत आला होता. तो रकाना आता बदलला आहे. नदीतला कीबोर्ड आमच्याच कार्यालयातला होता की तशाच स्टिकरच्या दुसऱ्या कुणाचा, हे मला शेवटपर्यंत सिद्ध करता आलं नाही.

माझ्या मते दोन वर्षांतला हा सर्वांत मोठा परिणाम आहे. ६६ घरं मिळून जेवढ्या वस्तू काढतील त्याच्या कितीतरी पट एका कार्यालयातून एका तिमाहीत निघतात. पण हा प्रश्न मला ऑफिसात बसून कधीच पडला नसता. तो गाळात उभं राहिल्यावर पडला. आयटीतल्या मित्रांना मी म्हणूनच सांगतो की आधी तुमच्या जवळच्या नदीवर, टेकडीवर, तलावावर जा, दहा-बारा रविवार निमूट काम करा. ‘आम्ही तुम्हाला डॅशबोर्ड करून देतो’ हे पहिल्या रविवारी बोलू नका.

नदीवर अजून

पुण्यात नदीसाठी काम करणाऱ्यांची कमी नाही. जीवितनदी ही संस्था २०१४ पासून काठ दत्तक घेणं, नदीफेऱ्या, घरातली रसायनं कमी करणं असं काम करते. शहरातल्या नद्यांच्या ४४ किलोमीटर लांबीवरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पावरून लोकांत तीव्र मतभेद आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच राम-मुळा संगमाजवळ काठावरची झाडं वाचवण्यासाठी पुणेकर जमले, तेव्हा आमच्या इमारतीतली अकरा माणसं होती. वर्षभरापूर्वी त्यातल्या नऊ जणांना संगम कुठे आहे हे माहीत नव्हतं. काठावरचा वाळुंज ओळखायला मी इथेच शिकलो. पुराच्या पाण्यात वाकून पुन्हा उभं राहणारं झाड आहे ते, मुळांनी काठ धरून ठेवतं. सिमेंटच्या भिंतीला ते जमत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

माणसं मात्र कमी पडतात. सुरुवातीला आम्ही बारा होतो, पावसाळ्यात पाच. दिवाळीनंतर पुन्हा वाढतात. जळालेल्या वायरींची वर्तुळं अजून दिसतात, कमी झाली आहेत असं छातीठोक सांगता येणार नाही. तांब्याचा भाव चांगला आहे आणि वायरी जाळणाऱ्या माणसाचं पोट त्यावर आहे. त्याला रागावून उपयोग नाही. एकदा आम्ही त्याला गाठून सांगितलं की वायर जाळू नका, आम्ही इमारतींतून तुम्हाला न जळता सोलता येईल अशी जाड केबल वेगळी देतो. तो दोनदा आला. मग आला नाही. त्याचा फोन लागत नाही.

आमच्या डब्यातली वाळू दर दोन महिन्यांनी बदलावी लागते, ओल धरते. बॅटऱ्या भरल्या की केंद्राचा माणूस येऊन नेतो आणि वहीत सही करतो. ताई दर गुरुवारी येताना झाकण उघडून बघतात. गेल्या गुरुवारी आत तीन बॅटऱ्या होत्या आणि कुणाच्या तरी इअरबड्सची डबी, चिकटपट्टी न लावता टाकलेली. ताईंनी ती उचलून माझ्यापुढे धरली. मी वर घरी गेलो, चिकटपट्टी आणली, आणि आम्ही दोघांनी ती नीट गुंडाळून वाळूत ठेवली.